‘मनानं कमी पडली’ असं लिहिण्याआधी

स्पर्धा संपवून संघ परत आला की तीन दिवसांत प्राचार्यांच्या टेबलावर अहवाल ठेवायचा, असा आमच्या महाविद्यालयात नियम आहे. स्पर्धेचं नाव, ठिकाण, खेळाडूंची यादी, निकाल, प्रवासखर्च, आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना : ‘अपेक्षित यश न मिळाल्यास कारण’. माण-खटावच्या पट्ट्यात मी तेवीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक म्हणून नोकरी करते आहे. मे महिन्यात जिमखान्याच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून लोखंडी कपाट रिकामं केलं, तेव्हा हे सगळे अहवाल एका गठ्ठ्यात हाती आले. फरशीवर बसून मी फक्त तो शेवटचा रकाना वाचत गेले. ‘मानसिकदृष्ट्या कमी पडली.’ ‘दडपण घेतले.’ ‘जिद्द नाही.’ ‘मनाने खचला.’ निम्म्याहून जास्त कागदांवर हेच होतं. अक्षर माझं, सही माझी.

त्यातली बरीच मुलं मला चेहऱ्यानिशी आठवतात. कोण कुठल्या वाडीवरून यायचं, कुणाचे बूट कुणी घालून पळायचं, तेही आठवतं. त्या चेहऱ्यांसमोर ही वाक्यं ठेवून पाहिली आणि मला बसल्या जागी लाज वाटली. आता पाऊस ओसरला की विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा सुरू होतील, मग इंटरझोनल, मग आंतरविद्यापीठ. गावोगावचे माझ्यासारखे शेकडो पीटी सर आणि मॅडम हाच रकाना भरायला बसतील. त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुलं मैदानावर आहेत त्या आईवडिलांसाठी, हे लिहिते आहे.

हे वाक्य मी शिकले कुठून, तेही सांगायला हवं. १९९७ सालच्या हिवाळ्यात मी आठशे मीटरसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले होते. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास, आरक्षण नाही, दाराशी वर्तमानपत्र अंथरून आम्ही चौघी आळीपाळीनं आडव्या होत होतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी माझी पाळी सुरू झाली. सांगणार कुणाला? सोबत एकही बाई नव्हती. पहिली फेरी मी अडुसष्ट सेकंदांत काढली, माझ्या नेहमीच्या हिशोबाप्रमाणे. पाचशे मीटरच्या खुणेपाशी मात्र पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे काळ्या ठिपक्यांचा पडदा आला, आणि मी शेवटची आले. धावपट्टीच्या कडेला आमचे प्रशिक्षक उभे होते. इतर मुलींदेखत ते म्हणाले, “तुझ्यात दम आहे, पण काळीज नाही.”

माझा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणून त्या वाक्यावरही बसला. त्या वर्षानंतर मी स्पर्धेत पळाले नाही. बी.पी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. आठ वर्षांनी पहिल्या बाळंतपणाच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४ निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का?” मी गप्प झाले. वसतिगृहात असताना मी उशाशी तांदळाचा डबा ठेवायचे आणि रात्री मूठमूठ चावायचे. मैत्रिणी त्याला माझी सवय समजत. ते लोह कमी असल्याचं लक्षण असतं, हे मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. १९९७ च्या त्या दुपारी माझं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे आज सिद्ध काहीच करता येणार नाही. पण काळीज तरी कुणी तपासलं होतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. मैदानावर उतरणाऱ्या मुली याच घरांतून येतात. सकाळी चहा-चपाती खाऊन एसटी पकडतात, दुपारी डबा असला तर असला, आणि संध्याकाळी मी त्यांना चारशेचे सहा राऊंड मारायला सांगते. गेली अकरा वर्षं मी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घेते. बारा हवं तिथं नऊ, साडेआठ असे आकडे येतात. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, एवढं सांगायला मला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. तीन महिन्यांनी त्याच मुलीची ‘जिद्द’ वाढलेली दिसते.

याचा अर्थ मनाचा कणखरपणा ही नुसती बोलायची गोष्ट आहे असं कुणी समजू नये. ती असते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्याशिवाय आठशे मीटर पळताच येत नाही. ही शर्यत ज्यांनी पळली नाही त्यांना वाटतं की खरी कसोटी शेवटच्या शंभर मीटरला असते. तिथं तर लोक ओरडत असतात, दोरी दिसत असते, तिथं कुणीही पळतं. कसोटी असते शेवटच्या फेरीची घंटा वाजून गेल्यावर, पाचशे ते साडेसहाशेच्या मध्ये, मैदानाच्या पलीकडच्या बाजूला. तिथं प्रेक्षक नसतात. मांड्यांत शिसं ओतल्यासारखं होतं, श्वास घशाशी येतो आणि मन अगदी समजूतदार आवाजात बोलायला लागतं : आज राहू दे, पुढच्या वर्षी बघू. त्या दीडशे मीटरमध्ये मुलगी काय करते, त्याला मी कणखरपणा म्हणते.

आणि तो शिकवता येतो. उपदेशानं येत नाही, सरावानं येतो. आमच्याकडे आठवड्यातून एकदा चारशे मीटर जोरात पळवून, पुरती विश्रांती न देता, मुलींना फक्त तोच पलीकडचा तुकडा पळायला लावतो. त्या तुकड्यासाठी प्रत्येकीचा एक शब्द ठरलेला असतो. बहुतेकींचा शब्द ‘हात’, कारण पाय ऐकेनासे झाले तरी हात जोरानं मागं ओढता येतात आणि हात चालले की पाय मागोमाग येतात. शर्यतीआधी पोटात गोळा येतो तेव्हा चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. गोळा येणं म्हणजे शरीर तयारीला लागलंय, घाबरायचं कारण नाही, हे मी दर आठवड्याला सांगते. वीस वेळा सांगितल्यावर एकविसाव्या वेळी ते त्यांना पटतं.

एका ऑगस्टमध्ये रविवारी मी मुलींना वेळ-चाचणीसाठी सकाळी सातला बोलावलं आणि प्रत्यक्षात पळवलं साडेदहाला. मधे तीन वेळा ‘आता लावते’ म्हणून वॉर्मअप करायला लावला आणि तीन वेळा थांबवलं. चिडल्या, एक तर रडायला लागली. नंतर मी त्यांना का ते सांगितलं. आपल्याकडे झोनलला ठरल्या वेळी काहीही होत नाही. पाहुणे उशिरा येतात, चुना संपतो, घड्याळ मिळत नाही. मग थांबायचं कसं याचाही सराव आम्ही केला. कधी खायचं, किती खायचं, बूट कधी बांधायचे. पुढच्या महिन्यात झोनलला साडेदहाची शर्यत दोन चाळीसला लागली. बाकीच्या महाविद्यालयांच्या मुली उन्हात येरझाऱ्या घालून दमल्या होत्या, काहींनी भूक सहन न होऊन ऐनवेळी वडापाव खाल्ला होता. आमची पोरगी लिंबाच्या झाडाखाली बूट उशाला घेऊन झोपली होती. मी उठवलं, तिनं अर्धं केळं खाल्लं, दहा मिनिटं अंग मोकळं केलं आणि दोन मिनिटं सत्तावीस सेकंदांत दुसरी आली. तोपर्यंत ती कधी अडीच मिनिटांच्या आत आली नव्हती. त्या दिवशी सगळे म्हणाले, काय मनाची खंबीर मुलगी आहे! होतीच. पण ती खंबीर व्हायला ऑगस्टमधला तो रविवार लागला होता.

आता ज्या गोष्टीबद्दल मला रात्री झोप येत नाही ती सांगते.

काही वर्षांपूर्वी कबड्डीच्या संघात आमचा एक चढाईपटू होता. उजवीकडून शिरायचा, बोनस घेऊन परतताना कोपऱ्याला हात लावून यायचा, डोळ्यांची पापणी लवेपर्यंत मध्यरेषेवर. इंटरझोनलच्या उपांत्य सामन्याआधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, गुडघा निसटल्यावानी होतोय.” दुखतोय म्हणाला नाही, निसटतोय म्हणाला. मी क्रेप बँडेज बांधलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मन घट्ट कर बाळा, सेमीफायनल आहे.” उत्तरार्धात आमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या. तिसरी ‘डू ऑर डाय’, म्हणजे गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. त्याला पाठवलं. तो डावीकडे वळला आणि अंगाला कुणाचा हात लागायच्या आत खाली बसला. कडकन झालेला आवाज मला बाकावर ऐकू आला.

अस्थिबंध पूर्ण तुटला होता, आतली गादीही फाटली होती. शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी दोन म्हशी विकल्या. महाविद्यालयानं वर्गणी काढली, ती औषधांना पुरली. गुडघा निसटतोय असं खेळाडू सांगतो तेव्हा त्याला मैदानातून बाहेर काढायचं असतं, हे मला माहीत होतं. प्रशिक्षण शिबिरात ते मी लिहून घेतलं होतं. तरीही मी त्याला मन घट्ट करायला सांगितलं. त्या वर्षीच्या अहवालात कारणाच्या रकान्यात मी ‘दुखापत’ एवढंच लिहिलं. तो मुलगा आज भेटला की आधी वाकून नमस्कार करतो, मग बोलतो. मला तो नमस्कार घेववत नाही.

तो हट्टानं बाहेर का बसला नाही? कारण त्याच्यासाठी तो सामना नुसता सामना नव्हता. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्र वरच्या पातळीवरचं लागतं. ते नाही मिळालं तर पोलीस भरती आहे, तिथं मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळून गुण मिळवायचे असतात. आमच्या दुष्काळी भागात महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे पाचला येणारी पोरं छंद म्हणून येत नाहीत. घरातली एक नोकरी त्या पायांवर उभी असते. अशा मुलानं दुखणं गिळलं की आपण त्याला कणखर म्हणतो, त्याची गोष्ट पुढच्या तुकडीला सांगतो, आणि पुढची तुकडी दुखणं गिळायला शिकते. ही शिकवण आमची आहे, पोरांची नव्हे.

खाशाबा जाधवांची गोष्टही आम्ही पीटीवाले अशीच अर्धी सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गरिबी, जिद्द, लंगोट, माती, सगळं खरं. पण ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले होते, आणि हेलसिंकीचा खर्च उभा राहीना तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले होते. गावानं वर्गणी काढली ती वेगळी. तुम्हा-आम्हाला जिमखाना डेच्या भाषणात खाशाबांचं काळीज आठवतं, खर्डेकरांचं घर आठवत नाही.

आणि हेलसिंकीतला पुढचा भाग तर त्याहून शिकण्यासारखा. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लांबलचक कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, आणि ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. आज तसा सामना झाला असता आणि मी संघासोबत असते, तर परत येऊन रकान्यात काय लिहिलं असतं, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो.

कोल्हापूरचंच अलीकडचं उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर होता. एक शॉट बिघडला आणि तो चौथा आला. एवढ्या मोठ्या मैदानावर, सगळ्या देशादेखत. दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. त्या आपल्याला दुसऱ्या आईसारख्या आहेत असं स्वप्निल सांगतो. मला त्या पदकापेक्षा हे नातं महत्त्वाचं वाटतं. हांगझोऊच्या त्या शॉटनंतर कुणी त्याला ‘तुझ्यात काळीज नाही’ म्हणालं असतं, तर पॅरिसला कोण गेलं असतं?

आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हिचं नाव तर इथं प्रत्येक मुलीला ऐकवलं जातं. २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. पण ऐकवताना आम्ही ‘दुष्काळी गावची पोर, बघा कशी जिद्द’ एवढ्यावर थांबतो. त्याआधी ती मॅरेथॉन पळत होती, मग तिनं स्टीपलचेस घेतली, २०१४ मध्ये इंचिऑनला आशियाई कांस्य, २०१५ मध्ये आशियाई विजेतेपद. एकेक पायरी चढून, वर्षानुवर्षं शिबिरांत राहून. जिद्द ही त्या पायऱ्यांवर मुरत गेलेली गोष्ट आहे. अठरा वर्षांच्या पोरीच्या अंगात ती पहिल्याच झोनलला नसेल, तर तो तिचा दोष कसा?

मराठीत या विषयावर कुणी काही सांगितलंच नाही अशी सबबही आपल्याला नाही. भीष्मराज बाम पोलीस खात्यातून वरिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि नाशिकला राहून त्यांनी राहुल द्रविड, अंजली भागवत यांच्यासारख्या खेळाडूंच्या मनाच्या तयारीवर काम केलं. २०१७ साली ते गेले. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे, खुणा करून करून पानं सुटी झाली आहेत. श्वास, एकाग्रता, विश्रांती यांचा पाय आणि खांद्यासारखाच रोज सराव करायचा असतो, हे मी त्यातून घेतलं. ज्या दिवशी प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात मनाला वीस मिनिटं दिली जातात, त्या दिवसापासून मनाबद्दल बोलण्याचा अधिकार प्रशिक्षकाला मिळतो, असं माझं मत आहे.

जुने सहकारी मला म्हणतात, मॅडम, आम्ही तर शिव्या आणि काठ्या खाऊन घडलो. जिमखान्याच्या भिंतीवर जुन्या संघाचा फोटो आहे, बघा, त्यातले चार फौजदार झाले, दोन मास्तर. मी तो फोटो रोज बघते. बारा जण उभे आहेत. घडलेले सहा तुम्ही मोजलेत. उरलेले सहा कुठं गेले? त्यातल्या एकाला दहा माणसांत कानाखाली बसली होती, त्यानंतर तो मैदानावर आला नाही. ते मला त्याच्या धाकट्या भावानं सांगितलं. मारानं घडलेले लोक सत्कारात भेटतात, मोडलेले भेटत नाहीत. तेव्हा मारानं माणूस घडतो हा हिशोबच अर्ध्या वहीवर मांडलेला आहे. रागावू नका असं मी म्हणत नाही. मीही रागावते, उशिरा आलेल्याला परत पाठवते, राऊंड चुकवणाऱ्याला पुन्हा पळवते. मेहनतीबद्दल कितीही कठोर बोला. पण ‘तू कच्चा’, ‘तुझ्यात काळीज नाही’ हे बोलणं मेहनतीबद्दलचं नसतं, माणसाबद्दलचं असतं. अठराव्या वर्षी ते माणूस खरं मानतो. मी मानलं होतं.

मग करायचं काय? रक्ततपासणीचं वर आलंच, ती प्रत्येक महाविद्यालयानं जूनमध्येच करावी. मुलींच्या संघासोबत एक बाई असलीच पाहिजे, त्यावर चर्चासुद्धा नको. जेवणभत्ता एवढा तरी हवा की खेळाडूला दोन वेळा वरण-भात-भाजी पोटभर मिळेल. आणि परीक्षा! एका मुलीच्या इंटरझोनलच्या दिवशीच तिची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा लागली होती. विभाग म्हणाला पुन्हा घेता येणार नाही. तिनं परीक्षा दिली आणि दुपारी अडीच तासांचा प्रवास करून मैदान गाठलं, तेव्हा लांब उडीच्या दोन उड्या होऊन गेल्या होत्या. उरलेल्या एका उडीत तिचा पाय फळीच्या पुढं पडला. ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार, सत्र परीक्षा आणि स्पर्धा एकाच महिन्यात, यातून जी मुलं तरीही पळतात ती आधीच मनानं कणखर आहेत. विद्यापीठांनी स्पर्धेच्या आणि परीक्षेच्या तारखा एका टेबलावर बसून ठरवाव्यात. त्याला पैसे लागत नाहीत.

समुपदेशकाचं मात्र सविस्तर बोलायला हवं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं त्यात आहे. फार चांगलं झालं. पण हा माणूस कार्यालयाशेजारच्या काचेच्या खोलीत बसणार असेल, तर माझा एकही खेळाडू तिथं जाणार नाही. त्या खोलीत जाताना वर्गातलं कुणी पाहील आणि ‘ह्याच्या डोक्यात काहीतरी झालंय’ अशी बातमी वसतिगृहात संध्याकाळपर्यंत पोहोचेल. समुपदेशकानं आठवड्यातून दोनदा मैदानावर यावं, कडेला बसावं, पाणी द्यावं, नावं पाठ करावीत. मुलं खेळ संपल्यावर बूट सोडता सोडता बोलतात. समोर खुर्ची टाकून ‘सांग काय त्रास आहे’ म्हटलं की गप्प होतात. आणि तो प्रशिक्षकाच्या हाताखालचा नसावा, संघ निवडण्यात त्याचा शब्द नसावा. नाहीतर मनातलं सांगितलं म्हणून संघातून नाव गेलं, असं एकदा जरी झालं तरी पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडणार नाही. तोवर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्या जिमखान्यात तो पाण्याच्या पिंपाच्या वर रंगवून घेतला आहे, कारण तिथं सगळे थांबतात आणि तिथं उभं राहिल्याचं कारण कुणाला द्यावं लागत नाही.

एक लहान गोष्ट आम्ही स्वतःच सुरू केली. हरल्यावर दोन तास कुणीही विश्लेषण करायचं नाही. मी नाही, कर्णधार नाही, फोनवरून वडीलसुद्धा नाहीत. रडायचं असेल तर रडायचं, मुलांनीही. आधी खायचं, अंघोळ करायची, मग एसटीत बसल्यावर ज्याला बोलायचं असेल त्यानं बोलायचं. पहिल्या वर्षी मला हे फार जड गेलं, जीभ चावून बसले होते. पण त्या वर्षी परतीच्या गाडीत एका मुलीनं पहिल्यांदा सांगितलं, की रिले बॅटन हातातून सुटला कारण आदल्या रात्री घरून स्थळ ठरल्याचा फोन आला होता. लग्नाची तारीख परीक्षेनंतरची होती. त्यावर तिच्या आईवडिलांशी बोलायला मी स्वतः गेले. ‘मनाने खचली’ असं मी आधीच लिहून टाकलं असतं, तर ते घर मी कधी पाहिलं नसतं.

गेल्या हंगामात आमची एक पोरगी आठशेत पाचवी आली. पदक नाही, निवड नाही. तिसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला बसले. कारणाच्या रकान्यात लिहिलं : पहाटे साडेचारची एसटी, उभ्यानं प्रवास. शर्यत चार तास उशिरा. हिमोग्लोबिन जूनमध्ये ८.९, सप्टेंबरमध्ये १०.६, अजून दीड कमी. पहिली फेरी ठरवलेल्या वेळेपेक्षा दोन सेकंद जोरात, ती चूक माझी, मी कडेवरून ओरडले. साडेपाचशेला मागे पडली, साडेसहाशेला दोघींना मागं टाकलं. स्वतःची सर्वोत्तम वेळ.

कार्यालयातल्या लिपिकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “मॅडम, एवढं त्या चौकटीत बसत नाही.” मी पाठकोरा कागद मागून घेतला, उरलेलं त्यावर लिहिलं, आणि टाचणीनं मागे जोडून दिलं.